काउंटरच्या अलीकडे

१९८८ साली दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी आप्पा मला घेऊन परळीच्या मोंढ्याजवळच्या एका दुकानात गेले. टीव्ही घ्यायचा होता. दूरदर्शनवर 'महाभारत' नुकतंच सुरू झालं होतं आणि दर रविवारी दुसऱ्याच्या दारात उभं राहून ते बघायचा आईला वीट आला होता. दुकानात आडवा काउंटर होता आणि त्यामागे भिंतीला लागून टीव्ही मांडलेले होते. त्यातला चौदा इंची, कृष्णधवल असा एक संच आमच्यासाठी काढून काउंटरवर ठेवण्यात आला. आप्पांनी त्याच्या बटणाकडे हात नेला. मागचा पोरगा म्हणाला, "काका, हात नका लावू. मी दाखवतो ना."

पोरगा उर्मट नव्हता. हे मी आज मुद्दाम लिहितोय, कारण लहानपणी अनेक वर्षं मी तो उर्मट होता असंच धरून चाललो होतो. आप्पांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. तेवढ्यात थर्मलमधले एक साहेब आले. काउंटरच्या एका टोकाला बिजागरीवर उचलायची एक फळी होती. ती उचलली गेली, साहेब आत गेले, रंगीत टीव्हीसमोर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आवाज कमी-जास्त करून पाहिला. आप्पा औष्णिक केंद्रात राख उपसणाऱ्या एका कंत्राटदाराकडे होते. आम्ही कुठल्या वस्तीतून आलो हे दुकानात कुणी विचारलं नाही. परळीएवढ्या गावात ते विचारावं लागत नाही.

टीव्ही आम्ही घेतला. पूर्ण पैसे रोख मोजून घेतला. साहेबांचा हप्त्यांवर गेला.

पुढे माझा धंदाच दुकानांचे नकाशे काढण्याचा झाला. वीसेक वर्षं मी विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची मांडणी कागदावर उतरवतो आहे: कुठे टीव्हीची भिंत, कुठे फ्रिजची रांग, गल्ला कुठे, गिऱ्हाइकानं कुठून वळावं. या कामात अनेक शहाणे शब्द आहेत आणि त्यातले बरेचसे परदेशातून आले आहेत. पण मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली महत्त्वाची वस्तू ती बिजागरीची फळी आहे. ती कुणासाठी उचलली जाते आणि कुणासाठी नाही, हे बघत गेलं की दुकानाचा नकाशा वाचता येतो.

काउंटरच्या आधी गादी होती. मराठवाड्यातल्या जुन्या बाजारपेठांत, कापडाच्या आणि सोन्याच्या पेढ्यांवर तर ती अजूनही दिसते. पांढरी चादर, तक्क्या, उतरती पेटी, तिच्यावर चोपडी. गिऱ्हाईक चपला काढून वर येतं, बसतं, पाणी पितं, मग मुनीम आतून एकेक वस्तू आणतो. किंमत लिहिलेली नसते. ती माणूस बघून सांगितली जाते. या पद्धतीचं फार गोड वर्णन करण्याची आपल्याकडे सवय आहे. 'तेव्हा आपुलकी होती' वगैरे. आपुलकी होती हे खरं, पण ती गादीवर बसणाऱ्यासाठी. ज्याला वर बोलावलं जात नसे तो ओट्याच्या पायरीशी उभा राहून माल बघायचा आणि त्याच्या हातात वस्तू पैसे दिल्यावरच पडायची. गादी, ओटा, पायरी असे तीन थर. दुकानात पाऊल टाकण्याआधीच माणसाची जागा ठरलेली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. पॅरिसमध्येसुद्धा दुकानात शिरणं म्हणजे काहीतरी घेणं बंधनकारक अशीच रीत होती. १८५२ मध्ये आरिस्तिद बुसिको हा 'बॉं मार्शे' नावाच्या दुकानात भागीदार म्हणून आला आणि त्यानं नेमक्या किमती लिहून ठेवल्या, कुणीही यावं, हात लावून बघावं, न घेता जावं अशी मुभा दिली. अमेरिकेत वाण्याचं दुकान त्यानंतरही कितीतरी वर्षं काउंटरचंच होतं: यादी द्यायची, आतला माणूस सामान काढणार. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यानं 'पिगली विगली' हे दुकान काढलं, त्यात गिऱ्हाईक टोपली घेऊन स्वतः फिरू लागलं. पुढच्या वर्षी साँडर्सला त्या मांडणीचं पेटंट मिळालं. त्या पेटंटमधला नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसू आलं. आत जायला एक फाटक, मग सापासारखी वळत जाणारी एकच वाट, सगळ्या फळ्यांसमोरून नेणारी, आणि शेवटी गल्ला. हात मोकळे केले, पण पाय बांधले. आजतागायत आम्ही नकाशे काढणारे त्याच वाटेला नवनवीन नावं देत आहोत.

इथे परळीचं एक सांगायला हवं. वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्या देवळात गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर आहेत. अनेक शिवमंदिरांत गाभारा खाली, खोलात असतो आणि पायऱ्या उतराव्या लागतात. इथे मंडपातूनच लिंग दिसतं. आणि परळीची ख्याती स्पर्शदर्शनाची. भक्तानं लिंगाला स्वतः हात लावून दर्शन घ्यायचं, अशी इथली परंपरा. आप्पांनी त्या देवाला आयुष्यात कितीदा हात लावला असेल याची गणती नाही. त्याच गावात टीव्हीला हात लावायची मुभा नव्हती. हा विरोधाभास मला सुचलेला नाही, आईनं त्याच दिवशी घरी बोलून दाखवला होता: "द्येवाला चालतंय, टीवीला न्हाई व्हय?"

टीव्हीच्या आधी रेडिओ होता, आणि रेडिओच्या दुकानाची मांडणी उलटी होती. जुने लोक सांगतात त्यावरून आणि माझ्या लहानपणापर्यंत टिकलेल्या एक-दोन दुकानांवरून मला ती बऱ्यापैकी कळली आहे. दुरुस्तीचं टेबल सगळ्यात पुढे, रस्त्याच्या उजेडात. नवा माल मागे, कपाटात. कारण तेव्हा रेडिओ विकणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी असो की पुण्याकडचा फिलिप्स, तो बिघडणार हे गृहीतच होतं, आणि गिऱ्हाईक दुकानदाराची पारख करायचं ती त्याच्या कथलाच्या डागावरून. पोटातल्या तारा बाहेर आलेले चार-पाच रेडिओ टेबलावर पडलेले, पायरीवर माणसं बसलेली, कुणी पोस्टातून रेडिओचा परवाना नव्यानं काढून आणलेला. हो, रेडिओ ऐकायलाही तेव्हा परवाना लागायचा आणि दरवर्षी पैसे भरावे लागायचे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते संपलं. त्या टेबलाशी कुणी कुणाला 'हात लावू नका' म्हणत नसे, कारण उघड्या यंत्राला कुणी हौसेनं हात लावत नाही.

मग थर्मल आलं. परळीच्या औष्णिक केंद्राचे तीस-तीस मेगावॉटचे पहिले दोन संच १९७१-७२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर २१० मेगावॉटचे तीन: १९८०, १९८५ आणि १९८७. आता याच्या शेजारी दुसरी एक मालिका ठेवून बघा. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं. १९८४ पासून देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहत गेली. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ 'रामायण' चाललं. म्हणजे गावात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी नवी माणसं येत होती, नेमका त्याच वर्षांत टीव्ही घ्यावा असं देशातल्या प्रत्येक घराला वाटू लागलं होतं. बीड जिल्ह्यातल्या, एरवी कापूस, ज्वारी आणि यात्रेवर चालणाऱ्या बाजारपेठेत टीव्हीची दुकानं का निघाली याचं उत्तर याच दोन मालिकांत आहे.

पगाराचा कागद ही तेव्हाची नवी गोष्ट होती. शेतकऱ्याची पत पावसावर, कंत्राटी मजुराची कंत्राटदाराच्या मर्जीवर, पण मंडळाच्या नोकरदाराची पत कागदावर छापलेली. पतसंस्था त्यावर कर्ज द्यायची, दुकानदार त्यावर हप्ते बांधून द्यायचा. फळी त्या कागदासाठी उचलली जायची. आप्पांच्या खिशात रोख होती, तरी ते फळीच्या अलीकडेच राहिले. याचा मी पुष्कळ विचार केला आहे. रोखीनं त्या दिवशीचा सौदा पुरा होतो. दुकानदाराला पुढची पाच वर्षं येणारं गिऱ्हाईक हवं असतं. हे कारण खरं आहे. पण तेवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही.

दहावीनंतर, १९९४ मध्ये, मी अशाच एका दुकानात कामाला लागलो. तीन वर्षं होतो. माल पुसायचा, हातगाड्यावरून घरोघर पोचवायचा, छपरावर चढून अँटेना अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडे वळवायचा आणि खाली ओरडून विचारायचं, "आलं का चित्र?" दुकानातली टीव्हीची भिंत म्हणजे आमच्याकडच्या महालक्ष्म्यांची आरास होती. पायऱ्यापायऱ्यांची लाकडी मांडणी, तिच्यावर लाल कापड, मधोमध मोठा रंगीत टीव्ही, बाजूला लहान, वर झालर. वेस्टन, क्राऊन, डायनोरा, बीपीएल, शिंगवाल्या सैतानाचा ओनिडा, आणि आपल्या औरंगाबादजवळच्या चितेगावात तयार होणारा व्हिडिओकॉन, तो घरचा म्हणून जरा पुढे. चालू फक्त एकच. बाकीचे काळे पडदे बघूनच निवडायचे.

शेठ गल्ल्यावरून पायरीकडे बघायचे. पायरीवर चपला दिसल्या की त्यांना पुढचं सगळं कळायचं. बूट असला तर "या साहेब", फळी वर. टायरच्या वहाणा असल्या तर मला खूण, मी पुढे. आणि मी काय म्हणायचो? "मामा, हात नका लावू. मी दाखवतो ना." अगदी त्याच चालीत. पहिल्यांदा तोंडातून गेलं तेव्हा जीभ अडखळली, नंतर नाही. कारणं होती: काउंटरवर धुळीचे हात उमटायचे, बटणं ढिली व्हायची, बिघडलं तर माझ्या पगारातून कापलं जायचं. त्या १९८८ च्या पोरालाही अशीच कारणं असणार.

काउंटर पडला तो कुणाच्या मनात समता जागी झाली म्हणून नव्हे. एक तर माल मोठा झाला. फ्रिज आणि धुलाई यंत्र काउंटरवर मावत नाही, ते जमिनीवरच ठेवावं लागतं, आणि जमिनीवर ठेवलं की माणूस त्याच्याभोवती फिरतो, दार उघडतो. दुसरं म्हणजे रिमोट आला आणि बटण ढिलं होण्याची भीतीच गेली. तिसरं आणि मोठं कारण कोरियाहून आलं. सॅमसंग १९९५ मध्ये आणि एलजी १९९७ मध्ये भारतात उतरली. त्यांच्याआधी भिंत शेठची होती. कुठला टीव्ही मधोमध ठेवायचा ते शेठ ठरवत. आता कंपनीचा माणूस येऊन फळ्या फुकट बसवून देऊ लागला, दिवे लावून देऊ लागला, बदल्यात एवढे फूट भिंत आमची म्हणू लागला. एक जण मीटरटेप घेऊन आला होता. त्यानं दुकान मोजलं, चौकोनी रेघांच्या कागदावर वरून दिसेल तसं काढलं आणि काउंटरच्या जागी पेन्सिलीनं फुली मारली. मी चहा घेऊन उभा होतो. आपण रोज ज्यात वावरतो ते दुकान वरून असं दिसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या कागदापायी मी आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात नाव घातलं.

शेठनं मात्र काउंटर काढला नाही. "उघड्यावर माल टाकू का?" म्हणाले. दोन फूट मागे सरकवला, एवढंच.

पुण्यात आल्यावर मला धंद्याचे नियम शिकायला मिळाले. मी ज्या कारखान्यात लागलो तिथे दुकानांचं फर्निचर तयार होत असे. दादरजवळ माहीमला १९६७ साली छोट्या दुकानातून सुरू झालेलं विजय सेल्स तोवर मोठी साखळी झालं होतं. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी जुहूला क्रोमाचं पहिलं दुकान काढलं, त्याच्या मागे ऑस्ट्रेलियाच्या वूलवर्थ्स कंपनीचा अनुभव होता. पुढच्या वर्षी रिलायन्स डिजिटल आलं. या दुकानांत काउंटर नव्हताच. पंधरा हजार चौरस फुटांचा सपाट मजला आणि त्यावर मोकळा माल.

नियम असे. दारातून आत आल्यावरची पहिली पाच-सात पावलं वाया जातात. माणसाचे डोळे उजेडाला, कान आवाजाला सरावत असतात, तिथे ठेवलेलं काही दिसत नाही. पॅको अंडरहिल या अमेरिकी निरीक्षकानं दुकानांत तासन्‌तास उभं राहून हे टिपलं आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. टीव्ही मागच्या भिंतीवर, जरा अंधारात, म्हणजे ते लांबून ओढून घेतात. वाटेत फ्रिज, एसी, मिक्सर बघावेच लागतात. टीव्हीचे रंग घरी दिसतात त्यापेक्षा भडक असतात, कारण दुकानासाठीची वेगळी सोयच संचात दिलेली असते. घरी नेलेला टीव्ही फिका वाटला तर डोळ्यांना दोष देऊ नका. नजरेच्या उंचीची फळी सगळ्यात महाग, ती कंपन्यांना जवळजवळ इंचावर विकली जाते. चार्जर, इयरफोन, पेन ड्राइव्ह गल्ल्यापाशी. आणि माणूस आत आल्यावर उजवीकडे वळतो असं अमेरिकी पुस्तकं सांगतात. आमच्याकडे मी दोनदा तसं करून बघितलं, लोक डावीकडे जात राहिले. रस्त्यावर डावीकडून चालतो म्हणून असेल. माझा स्वतःचा समज असा की आपल्याला प्रदक्षिणेची सवय आहे: देव उजव्या हाताला ठेवायचा तर डावीकडूनच निघावं लागतं. हे मी एका बैठकीत बोललो तर लोक हसले, पण नकाशा बदलला.

सगळ्या नियमांच्या तळाशी एकच गोष्ट होती: गिऱ्हाइकाचा हात मालाला लागला पाहिजे. हात लागला की वस्तू निम्मी त्याची होते. ॲपलच्या दुकानांबद्दल तर असं सांगतात की लॅपटॉपचा पडदा मुद्दाम अशा कोनात ठेवतात की नीट दिसायला तो हातानं सरकवावाच लागावा. ज्या हाताला परळीत बाजूला सारलं जायचं, तोच हात आता धरून आणला जात होता.

२००९ च्या सुमारास आप्पा पुण्याला आले तेव्हा मी त्यांना मी मांडणी केलेलं एक दुकान दाखवायला नेलं. काचेचं दार, आत थंडगार, दारावर गणवेशातला माणूस. आप्पा थांबले आणि विचारलं, "चपला कुठं काढू?" काढायच्या नसतात म्हटलं, पण त्यांनी काढल्याच आणि भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या. आत पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून हिंडले. मी म्हणालो, "आप्पा, लावा की हात, त्यासाठीच ठेवलंय." मग त्यांनी एका सपाट टीव्हीच्या कडेवरून बोट फिरवलं, खालून वरून चाचपलं आणि म्हणाले, "बटन कुठाय?"

या सगळ्या काळात परळीत वेगळंच नाटक चाललं होतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, राज्याला वीज देणाऱ्या गावाच्या आसपासही तासन्‌तास वीज नसायची. टीव्ही चालू करून दाखवायचा तर आधी जनरेटरची दोरी ओढावी लागे. परळीच्या दुकानांत दारातली पहिली जागा मिळाली इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांना. पुण्याच्या माझ्या वरिष्ठांना मी सांगितलं की आमच्या गावात दारातली पावलं वाया जात नाहीत, माणूस दारातच इन्व्हर्टरचा भाव विचारतो, तर त्यांना ती कोटी वाटली. चैत्र लागला की इन्व्हर्टरशेजारी पत्र्याचे कूलर यायचे, लग्नसराईत फ्रिज पुढे सरकायचे. खरी मांडणी ऋतू करायचा, नियम नव्हेत.

२०१५ मध्ये दुष्काळानं केंद्राला पाणी उरलं नाही आणि पावसाळ्यातच ते पूर्ण थांबलं. चिमण्यांचा धूर थांबलेला बघण्याची गावाला सवय नव्हती. थर्मल कॉलनीतली माणसं बदल्या होऊन जाऊ लागली, कंत्राटी मजूर घरी बसले. राखेच्या विटांचे कारखानेसुद्धा राखेसाठी तोंड वासून राहिले. दुकानदारीत याचा अर्थ असा की पगाराच्या कागदाचं गिऱ्हाईक एकदम आटलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी ज्या दुकानात काम केलं होतं तिथून फोन आला. शेठ गेले होते, मुलगा म्हणाला, "दादा, तुम्हीच करा, मॉलसारखं पाहिजे." मी टेप घेऊन गेलो. बावीस फूट तोंड, साठ फूट खोली, जुना गाळा. काउंटर अजून होता, फळीही, वर सनमायका उखडलेला. एक अख्खा दिवस मोजण्यात गेला आणि मोजता मोजता मी दुकान बघत बसलो.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. बीड जिल्ह्यात हा उचलीचा काळ. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाचे पैसे आगाऊ देतो, कोयता बांधला जातो आणि मग सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फड. गावातल्या मोबाइल, टीव्ही, फ्रिजच्या विक्रीत हे पैसे मोठे असतात, जरी कुठल्या कंपनीच्या तक्त्यात तो हंगाम म्हणून दाखवलेला मी पाहिलेला नाही. असंच एक जोडपं आलं. माल मोकळाच होता, पोरानं त्यांना थांबवलं नाही. बाईनं फ्रिजचं दार चार वेळा उघडलं, मिटलं, आतल्या भाजीच्या खणावरून हात फिरवला. धाकट्या बहिणीच्या लग्नात द्यायचा होता, वैशाखात. निम्मे पैसे आता, निम्मे हंगाम करून आल्यावर.

पोरगा त्यांना आतल्या टेबलाकडे घेऊन गेला. हप्त्यांचं टेबल. पॅन, आधार, बँकेचं पासबुक, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. मग तो पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, सिस्टीम घेत नाहीये." का घेत नाहीये ते त्यालाही माहीत नव्हतं. आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता.

मी अशी पन्नास तरी टेबलं नकाशावर काढली आहेत आणि जवळजवळ सगळी मागच्या कोपऱ्यात. त्याचं शास्त्र आहे: माणूस आधी सगळ्या दुकानातून चालावा, हात लावावा, मनात वस्तू घरी नेऊन ठेवावी आणि मग त्या टेबलाशी बसावा. तोवर व्याज फार जण विचारत नाहीत. शून्य टक्क्याची म्हणून जी जाहिरात चालायची तिच्यात व्याज दुसऱ्या नावानं घेतलं जातं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं आणि अशा योजना थांबवायला सांगितल्या. पण टेबलाची जागा कुणी हलवली नाही. फळी मी दारातून उचलून मागच्या भिंतीशी नेली होती, हे त्या दिवशी परळीत मला दिसलं. आप्पांना निदान दारातच कळलं होतं. या बाईला भाजीच्या खणापर्यंत पोचल्यावर कळलं.

जुन्या वहीची तरफदारी मला करायची नाही. शेठच्या वहीतसुद्धा टायरच्या वहाणांना जास्त भाव लागायचा, आणि उधारीवाल्याशी कसं बोललं जायचं ते मी ऐकलेलं आहे. पण वहीत मुकादमाचं नाव, गाव, कितवा हंगाम एवढं लिहायला जागा होती. पडद्यावर तो रकाना नाही. कष्टाचे पैसे हंगामात एकदम घेणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता कसा जमावा?

जोडपं पायरीपर्यंत गेलं तेव्हा शेठच्या मुलानं हाक मारली. मुकादम कोण, कुठल्या कारखान्याला चाललात, एवढं विचारलं. मग गल्ल्याखालून एक वही काढली. असेल असं मला वाटलं नव्हतं. निम्मे पैसे घेतले, पावती दिली आणि म्हणाला, "मामी, फ्रिज तुमचा. आत्ता नेऊन तरी काय करताव, घराला कुलूपच लागणार. इथंच राहू द्या, आल्यावर न्या." बाईनं विचारलं, दुसऱ्या कुणाला तर देणार न्हाईत? त्यानं कागदाच्या चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीनं डकवलं. तिनं चिठ्ठी वाचायला लावली, मग स्वतः पट्टीवर अंगठा दाबून घट्ट केली.

हप्त्यांचं टेबल मी नकाशात दाराजवळ आणलं. मुलगा म्हणाला, लोक आधीच बिचकतील. दोन दिवस वाद झाला, शेवटी ते मधोमध ठरलं, ना त्याचं ना माझं. काउंटर सुताराने फोडून नेला. फ्रिज मात्र कुठेच बसेना. तो नेमका जिथे मला वाट काढायची होती तिथे उभा होता आणि मुलगा त्याला हलवू देईना, कारण त्या बाईनं जागा बघून ठेवली होती. वैशाखापर्यंत तो तिथेच राहणार होता. मी नकाशात तिथे खांब दाखवला आणि वाट त्याच्या डाव्या अंगानं काढली.